व्हीएम मधूनच गोठतात, होस्ट मात्र ठणठणीत. कुठं शोधू? (प्रॉक्समॉक्स, नागपूर)

वर्धारोडवासी

राम राम मंडळी. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं आयटीचं काम माझ्याकडे आहे. सर्व्हर (होस्ट) एकच, त्यावर प्रॉक्समॉक्स ८, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली, आणि त्यात अशा चार व्हीएम. एका विंडोज सर्व्हर २०१९ वर लॅबचं सॉफ्टवेअर आणि त्याचा एसक्यूएल डेटाबेस, दुसऱ्या विंडोजवर टॅली, डेबियनवर फाइल शेअर, आणि एक छोटी लिनक्स व्हीएम जी ॲनालायझर मशीनकडून निकाल घेऊन डेटाबेसात टाकते. प्रोसेसर आठ कोअरचा, सॉकेट एकच. रॅम ६४ जीबी, त्यातली ४० व्हीएमना दिलेली. दोन एनव्हीएमई एसएसडींचा झेडएफएस मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा; हाच पूल. बॅकअप रोज रात्री नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर) जातो.

त्रास असा, की यातली कोणतीही व्हीएम कधीही अडकते. आरडीपीत (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवर) माउस फिरतो, पण क्लिक केलं की काहीच होत नाही. कन्सोल उघडला तर घड्याळ मागच्याच वेळेवर थांबलेलं. कधी चार-पाच मिनिटांनी आपोआप सुटतं आणि तोवर साचलेले सगळे क्लिक एकदम पडतात. कधी सुटतच नाही, मग स्टॉप करून पुन्हा चालू करावं लागतं. एवढ्या वेळात प्रॉक्समॉक्सचं वेब पान नीट चालतं, होस्टला पिंग जातं, एसएसएच लागतं. वेळेचा काही नेम नाही. दुपारी होतं, रात्री उशिरा होतं, सकाळच्या गर्दीत मात्र क्वचित.

विर्टिओ ड्रायव्हर (व्हीएमच्या आभासी हार्डवेअरचे) नवे घातले, बलूनिंग (व्हीएमची रॅम कमीजास्त करणं) बंद केलं, मेमटेस्ट रात्रभर चालवली. एकही एरर नाही. होस्टच्या लॉगमध्येही त्या वेळेला काही सापडत नाही.

रिपोर्ट अडकला की समोरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर थांबतात. रात्री इमर्जन्सीचं सोडियम-पोटॅशियम वेळेवर निघत नाही तेव्हा काय होतं ते मी पाहून राहिलो. म्हणून हे मुळापासून निस्तरायचं आहे, नुसतं रीस्टार्टवर दिवस काढायचे नाहीत.

खामला_चौक

भाऊ, कर्नल (लिनक्सचा गाभा) पाहा आधी. ६.२ वर विंडोज सर्व्हर २०१९ च्या व्हीएम १०० टक्के सीपीयू खाऊन गोठायच्या, तो विषय खूप गाजला होता. केएसएम (व्हीएमची सारखी मेमरी एकत्र करणारी सोय) बंद करा आणि बूटच्या ओळीत मिटिगेशन्स (प्रोसेसरच्या त्रुटींवरची संरक्षणं) ऑफ टाका. बऱ्याच जणांचं त्यानं भागलं.

पुणेरी_पेंग्विन

केएसएमचं एक वेळ ठीक. पण मिटिगेशन्स बंद करा हा सल्ला रुग्णांची माहिती असलेल्या सर्व्हरला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०१८ मध्ये स्पेक्टर-मेल्टडाउन बाहेर आल्यापासून ही संरक्षणं कर्नलमध्ये आली. एका व्हीएममधून दुसरीची मेमरी वाचली जाऊ नये, हाही त्यांचा हेतू आहे. वेग वाढावा म्हणून दार उघडं ठेवायचं नसतं.

शिवाय त्या जुन्या गोठण्याच्या मुळाशी केएसएमबरोबर नुमा बॅलन्सिंगचाही (मेमरी त्या-त्या सॉकेटजवळ हलवण्याचाही) हात निघाला होता. तो प्रश्न मुख्यतः दोन सॉकेटच्या मशीनवर येतो. यांचा सॉकेट एकच आहे, त्यामुळे ती वाट मला फारशी पटत नाही.

वर्धारोडवासी, झेडएफएसचा एआरसी (रॅममधला डिस्कचा कॅश) किती ठेवलाय? प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नवीन इन्स्टॉल करताना त्याची मर्यादा रॅमच्या १० टक्के लावली जाते, जास्तीत जास्त १६ जीबी. त्याआधी बसवलेलं असेल तर तो अर्धी रॅम घेऊ शकतो. ४० व्हीएमचे आणि ३२ एआरसीचे म्हणजे ६४ मध्ये बसत नाहीत.

वर्धारोडवासी

८.१ चंच इन्स्टॉल आहे दादा. एआरसी सहा जीबीच्या वर जात नाही. स्वॅपही रिकामा दिसतो.

मिहानमधली

कर्नल, बायोस, ड्रायव्हर कशालाच हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा. पुढच्या वेळी अडकेल तेव्हा लगेच स्टॉप दाबायचं नाही. लॅबवाले ओरडतील हे मला ठाऊक आहे, पण गोठलेली व्हीएम हाच तुमच्याकडचा एकमेव पुरावा आहे आणि स्टॉप दाबला की तो पुसला जातो. पाच मिनिटं मागून घ्या. मालकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वाद होणार नाही.

त्या पाच मिनिटांत कोणता थर थांबलाय एवढंच ओळखायचं आहे. आधी प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमची स्थिती पाहा. ‘रनिंग’ आहे, ‘पॉज्ड’ आहे की ‘आयओ-एरर’? मग होस्टवर टॉप लावा आणि त्या व्हीएमची केव्हीएम प्रोसेस शोधा. ती दिलेल्या सगळ्या कोअरवर पूर्ण भरून पळत असेल तर गेस्ट (व्हीएममधली प्रणाली) आतल्या आत गरगरतोय, मग सीपीयू, घड्याळ, ड्रायव्हर या बाजूला जायचं. ती जवळपास शून्यावर असेल तर ती कशाची तरी वाट पाहते आहे, आणि बहुतेक वेळा ते ‘कशाचं तरी’ म्हणजे डिस्क असते. प्रोसेसच्या थ्रेडची अवस्था पाहा. कॅपिटल ‘डी’ दिसला तर तो थ्रेड कर्नलमध्ये आयओसाठी (डिस्कच्या वाचन-लेखनासाठी) अडकलेला आहे, तो किल मायनस ९ नंही मरत नाही. तुमचं स्टॉप बटण कधीकधी चालत नसेल तर त्याचं कारण तेच असू शकतं.

तिसरं, प्रॉक फोल्डरमधल्या ‘प्रेशर’ची आयओ फाइल वाचा. कर्नल ४.२० पासून ती आहे. त्यात ‘सम’ आणि ‘फुल’ अशा दोन ओळी असतात. ‘फुल’चा दहा सेकंदांचा आकडा मोठा असेल तर तेवढे टक्के वेळ कामात असलेल्या सगळ्याच प्रोसेस आयओसाठी थांबलेल्या होत्या, कोणाचंच काम पुढं सरकलं नाही.

आणि विंडोजमध्ये सुटका झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये १२९ नंबर शोधा, सोर्स ‘व्हायोस्कझी’. डिस्ककडून वेळेत उत्तर आलं नाही म्हणून ड्रायव्हरनं रीसेट मागितला, असा त्याचा अर्थ. लोक तो दिसला की ड्रायव्हरलाच दोष देतात. जुन्या ड्रायव्हरांत तशा अडचणी होत्याही. पण तुम्ही नवे घातलेत, म्हणजे खाली डिस्कच उशीर करत असेल तर ड्रायव्हर नुसता निरोप देतोय.

हिंगणा_एमआयडीसी

ताई बरोबर सांगून राह्यल्या. आमच्या कारखान्यात व्हीएम अशीच थांबे, पिवळा त्रिकोण दिसे. मले वाटे विंडोज खराब झालं. पाह्यलं तर एलव्हीएम-थिनचा पूल १०० टक्के भरलेला. व्हीएमना कागदावर जागा जास्त वाटली होती, खरी डिस्क तेवढी नोती. पूल भरला की लिहायले जागा नाई, मग क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) व्हीएमले पॉज करून ठेवते. जागा केली, रिझ्यूम मारलं, तिथूनच चालू झाली. डिस्कच्या सेटिंगात डिस्कार्ड चालू करा अन् गेस्टमधून ट्रिम चालवा, म्हणजे आत मिटवलेली जागा पूलले परत भेटते. एलव्हीएसमध्ये डेटाचा टक्का पाहा अन् मेटाडेटाचाही पाहा, तो येगळा भरते.

वर्धारोडवासी

काका, माझं झेडएफएस आहे आणि पूल निम्माही भरलेला नाही. पण त्रिकोण येतो का ते पाहीन.

ताई, उद्यापासून तसंच करतो. मालकांशी बोललो, पाच मिनिटं द्यायला ते तयार आहेत.

नवशिका

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे घरी इंटेल एन५१०५ चा छोटा बॉक्स आहे, त्यावर राउटरची व्हीएम मधूनच मरते. हेच कारण असेल का?

पुणेरी_पेंग्विन

नाही, तुमचं वेगळं वाटतं. एन५१०५ आणि त्या कुळातल्या प्रोसेसरांवर २०२२ मध्ये खूप जणांना हाच अनुभव आला होता. होस्ट नीट, आणि व्हीएम विनाकारण थिजायची किंवा कर्नल पॅनिक व्हायची. नवीन मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) घातल्यावर बहुतेकांचं थांबलं. डेबियनच्या नॉन-फ्री-फर्मवेअर भांडारातून इंटेल-मायक्रोकोड पॅकेज घाला, रीबूट करा आणि बूटच्या लॉगमध्ये मायक्रोकोडची आवृत्ती बदलली का ते पाहा. छोट्या बॉक्सचे विक्रेते बायोस अपडेट क्वचितच देतात, म्हणून हा मार्ग सोपा.

वर्धारोडवासी

सापडलं, निदान अर्धं तरी. आज दुपारी चारच्या सुमारास रिसेप्शनवरून फोन आला, लॅबचं सॉफ्टवेअर अडकलं. स्टॉप न दाबता होस्टवर गेलो.

स्थिती ‘रनिंग’. त्रिकोण नाही. केव्हीएम प्रोसेसचा सीपीयू दोन-तीन टक्के. आणि बाकीच्या व्हीएमही पाहिल्या तर त्याही थांबलेल्या होत्या! टॅलीत त्या वेळी कोणी नव्हतं, फाइल शेअर कोणी उघडलं नव्हतं, म्हणून कोणाला कळत नव्हतं. ‘कोणतीही व्हीएम कधीही अडकते’ असं मला दिसत होतं, प्रत्यक्षात चारही एकदम अडकतात आणि जी वापरात असेल तिचीच तक्रार येते.

डेबियनच्या कन्सोलवर ओळ होती, ‘टास्क जेबीडी२ ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’. प्रेशरच्या फाइलमध्ये ‘फुल’ ८० च्या वर. सुटल्यावर विंडोजमध्ये १२९ ची रांग.

मिहानमधली

मग सीपीयू, कर्नल, केएसएम हे सगळं बाजूला ठेवा. जेबीडी२ म्हणजे लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचा जर्नल लिहिणारा थ्रेड. तो दोन मिनिटं अडकला म्हणजे लिहिलेलं खाली पोचत नव्हतं. चारही व्हीएममध्ये समान काय, तर पूल. आता पूलमधली कोणती डिस्क ते पाहा. ‘झीपूल आयओस्टॅट’ला ‘व्ही’ आणि ‘एल’ जोडून पाच-पाच सेकंदांनी चालवा. प्रत्येक डिस्कचा सरासरी विलंब वेगवेगळा दिसतो, ‘डिस्क वेट’चा रकाना वाचा. ‘झीपूल स्टेटस’ला लहान ‘एस’ जोडला तर ‘स्लो’ नावाचा आणखी एक रकाना येतो, त्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त लागलेल्या आयओंची मोजणी असते. ती नंतरही पाहता येते.

मिररमध्ये वाचन कमी गर्दीच्या डिस्कवरून होतं, पण लेखन दोन्ही डिस्कवर पूर्ण झाल्याशिवाय झालं असं धरत नाहीत. जोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही तगडा असो, गाडी जागेवरच. आणि बसलेली डिस्क एरर देत नसेल, फक्त उशिरा उत्तर देत असेल, तर झेडएफएस तिला बाहेर काढत नाही. पूल ‘ऑनलाइन’च दिसतो. तुमच्या लॉगमध्ये काही नव्हतं ते याच्याशी जुळतं. एनव्हीएमईच्या ड्रायव्हरचा टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो. एकेक कमांड त्याच्या आत उत्तर देत राहिली तर कर्नल चकार शब्द काढत नाही, पण हजारो कमांड रांगेत असल्या की गेस्टला ती मिनिटं भासतात.

खामला_चौक

मग सिंक डिसेबल्ड करून टाका डेटासेटला. लेखन लगेच झालं असं सांगेल, व्हीएम अडकणार नाही.

मिहानमधली

नको, कृपया नको. सिंक बंद केलं की डेटाबेसला ‘लिहिलं’ असं सांगितलं जातं आणि डेटा अजून रॅममध्ये असतो. झेडएफएस साधारण पाच सेकंदांनी गठ्ठा खाली उतरवतं. तेवढ्यात लाइट गेली आणि यूपीएसनं दगा दिला तर मधले निकाल गेले, आणि डेटाबेसला वाटतंय ते जतन झालेत. लॅबच्या डेटाबेसला हे चालणारच नाही. शिवाय डिस्क मिनिटभर बसली तर गठ्ठाही उतरणार नाही, मग व्हीएम थोड्या उशिरानं का होईना अडकणारच.

वर्धारोडवासी

ताई, रात्रभर आणि आज दुपारी लॉग घेतला. पहिली डिस्क तीन-चार मिलिसेकंदांवर. दुसरी सकाळी तशीच, पण दुपारी तीननंतर वाढत वाढत दीड-दोन सेकंदांवर गेली. ‘स्लो’च्या रकान्यात पहिलीसमोर शून्य, दुसरीसमोर तीन आकडी संख्या. एसएसडी खराब झाली म्हणायची का? स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-नोंदीत) ‘पासड्’ येतंय, झीज ९ टक्के.

पुणेरी_पेंग्विन

‘पासड्’वर थांबू नका. स्मार्टचा पूर्ण रिपोर्ट काढा आणि ‘वॉर्निंग कॉम्प टेंपरेचर टाइम’ व ‘क्रिटिकल कॉम्प टेंपरेचर टाइम’ या दोन ओळी वाचा. कंट्रोलर इशाऱ्याच्या तापमानाच्या वर एकूण किती मिनिटं होता ते त्यात साठत जातं, रीबूटनं पुसलं जात नाही. काही डिस्क ‘थर्मल टेंप १’ आणि ‘थर्मल टेंप २’ चे आकडेही देतात, म्हणजे डिस्कनं स्वतःहून वेग किती वेळा उतरवला. त्याच रिपोर्टच्या वरच्या भागात इशाऱ्याचा उंबरठा किती अंशांचा ते लिहिलेलं असतं.

दुपारी तीन ते पाच, नागपूर, मे महिना. मला तरी दुसरं काही सुचत नाही.

हिंगणा_एमआयडीसी

हाव जी. हे गाव ४७.९ पाहून बसलं आहे, २३ मे २०१३ ले. खोलीत एसी आहे का नाई ते सांगा आधी.

वर्धारोडवासी

पहिली डिस्क: इशाऱ्याचा वेळ ०. दुसरी डिस्क: १,३०० मिनिटांच्या वर. उंबरठा ८२ अंश, आणि चार वाजता कॉम्पोझिट (डिस्कचं एकत्रित) तापमान ८४ होतं. पहिली त्याच वेळी ६१ वर.

एसी आहे काका. पण लॅब दुपारी दोन ते पाच कलेक्शनला बंद असते, तेव्हा वीज वाचावी म्हणून स्टाफ एसी बंद करतो. सर्व्हरची खोली म्हणजे लाकडी पार्टिशनचा एक कोपरा, वर स्लॅब, पश्चिमेची भिंत. आत तपासण्या चालूच असतात, मशीन निकाल पाठवत असतात, पॅथॉलॉजिस्ट मॅडम घरून लॉगिन करून रिपोर्ट सही करतात. सकाळी एसी चालू, म्हणून सकाळच्या गर्दीत काही होत नाही.

कॅबिनेट उघडलं. बोर्डावर एम.२ चे दोन स्लॉट. वरच्याला बोर्डाबरोबर आलेली ॲल्युमिनियमची पट्टी आहे. खालचा स्लॉट उघडा, आणि त्याच्या बरोब्बर वर दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. ते कार्ड स्वतःच एवढं तापतं की बोट टेकवत नाही. दोन्हींच्या मधून हवा जायला जागाच नाही.

मिहानमधली

मग नवीन डिस्क घेऊ नका अजून. आधी खालच्या डिस्कला हीटसिंक लावा, नेटवर्क कार्ड शक्य असेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये सरकवा, आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला एक पंखा त्या दिशेनं हवा देईल असा लावा. हीटसिंकच्या खालचा थर्मल पॅड दोन्ही बाजूंनी टेकतो का ते पाहा, पॅड पातळ पडला तर नुसती पट्टी ठेवून उपयोग नसतो.

आणि खोली. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी ॲश्रेची (अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची) शिफारस आहे. २७ ला लावलेला एसी बिल फार वाढवत नाही. मालकांना हे तोंडी सांगू नका, तीन दिवसांचा तापमान आणि विलंबाचा आलेख एकाच कागदावर छापून द्या. दोन्ही रेषा एकत्र चढताना दिसल्या की पुढं समजवावं लागत नाही.

खामला_चौक

आलेखासाठी डिस्कचाच आकडा घ्या, खोलीत टांगलेल्या थर्मामीटरवर एकट्यावर विसंबू नका. २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एनव्हीएमईत कॉम्पोझिटबरोबर सेन्सर १, सेन्सर २ असेही आकडे येतात. इशाऱ्याचा उंबरठा कॉम्पोझिटला लागू होतो, तोच धरा.

हिंगणा_एमआयडीसी

अन् एक विनंती. एसीचं बिल नको म्हणून कोणी तिथं कूलर ठेवन, तर ठेवू देऊ नका. उन्हाळ्यात कूलरची हवा माणसाले बरी वाटते, पण तो बाहेरची धूळ अन् ओल दोन्ही आत फेकते. आमच्या इथं पॅनेलमध्ये हीटसिंकवर चिखलासारखा थर बसला होता. पावसाळ्यात तर खोली ओलीगच्च होते अन् थंडावा काही भेटत नाई.

वर्धारोडवासी

हीटसिंक सीताबर्डीतून आणली, कार्ड सरकवलं, पंखा लावला. आलेख पाहून मालकांनी एसी चालू ठेवायला लगेच हो म्हटलं. दुसरी डिस्क आता दुपारी ६४ च्या आसपास, विलंब पहिलीइतकाच. दुपारचं गोठणं पूर्ण थांबलं.

पण काल रात्री साडेअकराला पुन्हा अडकलं! डिस्क तेव्हा ५२ अंशांवर होती. दोन्ही डिस्कचा विलंब चांगला. आणि या वेळी फक्त लॅबची व्हीएम, बाकीच्या तीन चालू. डोकं चालेनासं झालंय.

मिहानमधली

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकमेकांवर पडलेले होते. म्हणूनच वेळेचा नेम लागत नव्हता. दुपारचा एक होता, तो गेला. आता रात्रीचा स्वतंत्र आहे असं समजून पुन्हा पहिल्यापासून. बॅकअप किती वाजता सुरू होतो?

वर्धारोडवासी

अकराला. पहिला नंबर लॅबच्या व्हीएमचाच.

पुणेरी_पेंग्विन

गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत बसून प्रॉक्समॉक्सशी बोलणारा प्रोग्राम) चालू आहे का? बॅकअप सुरू होताना एजंट फाइलसिस्टिम गोठवतो, विंडोजमध्ये व्हीएसएसमार्फत. सोडवायचं राहिलं तर व्हीएम अशीच बसते. अडकलेली असताना ‘क्यूएम गेस्ट सीएमडी’नं एफएसफ्रीझ-स्टेटस विचारा. ‘थॉड’ (म्हणजे सुटलेलं) आलं तर हा संशय सोडा.

वर्धारोडवासी

रात्री थांबून पाहिलं. ‘थॉड’ आलं. बॅकअपच्या लॉगमध्ये वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. प्रेशरच्या फाइलमध्ये आयओ जवळपास शून्य, म्हणजे होस्टच्या डिस्क मोकळ्या आहेत. साडेअकराला एसक्यूएलचं इंडेक्स रीबिल्डचं काम लागतं, ते सुरू झालं की व्हीएम थांबते.

मिहानमधली

आता चित्र पूर्ण झालं. स्नॅपशॉट मोडचा बॅकअप कसा चालतो ते बघा. बॅकअप सुरू झाला त्या क्षणाची डिस्क नॅसवर जायला हवी, पण व्हीएम तर चालूच आहे. म्हणून गेस्टनं अजून बॅकअप न झालेल्या जागेवर नवीन काही लिहायचं ठरवलं, की क्यूईएमयू आधी तिथला जुना तुकडा नॅसवर पाठवतो आणि मगच गेस्टचं लेखन पुढं जाऊ देतो. नॅस संथ असेल तर गेस्टचं लेखनही नॅसच्या वेगानं. इंडेक्स रीबिल्ड म्हणजे डेटाबेसचा मोठा भाग पुन्हा लिहिणं. त्यातला प्रत्येक तुकडा त्या ११ एमबीच्या नळीतून जातोय.

आणि ११ हा आकडा ओळखीचा आहे. १०० मेगाबिटची लिंक साधारण एवढंच देते. नॅसकडे जाणाऱ्या पोर्टचा वेग इथटूलनं पाहा.

वर्धारोडवासी

‘स्पीड १०० एमबी’, म्हणजे मेगाबिटच! कार्ड, स्विच, नॅस तिन्ही निदान गिगाबिटचे आहेत. केबल तपासली तर ती रॅकच्या दाराच्या बिजागरीत चेपलेली निघाली. बाहेरून नुसता वळ दिसतो, आत तपकिरी जोडीची एक तार तुटलेली.

पुणेरी_पेंग्विन

गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच पुरतात. तपकिरी तुटली तरी बहुतेक कार्डं गुपचूप १०० वर उतरतात आणि लिंकचा दिवा जळतच राहतो.

केबल बदललीत तरी दोन गोष्टी करा. इंडेक्स रीबिल्ड पहाटे चारला न्या. आणि प्रॉक्समॉक्स ८.२ पासून बॅकअपच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘फ्लीसिंग’ आलंय, ते चालू करा. त्यात जुना तुकडा आधी स्थानिक वेगवान डिस्कवरच्या तात्पुरत्या इमेजमध्ये जातो आणि गेस्टला लगेच मोकळं केलं जातं. नॅसकडे पाठवायचं काम मागून होत राहतं. पूलमध्ये मोकळी जागा हवी, तुमच्याकडे आहे.

वर्धारोडवासी

तिन्ही केलं. बॅकअपचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या वर गेला. काल रात्री मुद्दाम बॅकअप चालू असतानाच रीबिल्ड हातानं लावून पाहिलं. मॅडम घरून लॉगिन होत्या, त्यांनी त्याच वेळी तीन रिपोर्ट सही केले, एकदाही अडकलं नाही. रात्रपाळीचा टेक्निशियन आज सकाळी स्वतःहून सांगायला आला.

ताई, दादा, काका, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही अडवलं नसतं तर मी एव्हाना नवीन एसएसडी मागवली असती आणि कर्नलही मागे नेला असता.

नवशिका

माझाही बॉक्स मायक्रोकोडनंतर अजून तरी मेला नाही. एक विचारायचं होतं, तो तापमान आणि विलंबाचा आलेख तुम्ही कसा काढलात? वेगळं सॉफ्टवेअर लागतं का?

वर्धारोडवासी

काही लागत नाही भाऊ. दर मिनिटाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती स्मार्टसीटीएलकडून दोन्ही डिस्कचं कॉम्पोझिट तापमान घेते, झीपूल आयओस्टॅटचा दहा सेकंदांचा एक नमुना घेते, आणि वेळेसह एका सीएसव्ही फाइलमध्ये ओळ जोडते. आयओस्टॅटचा पहिला नमुना बूटपासूनची सरासरी असते, तो टाकून दुसरा घ्यायचा, नाहीतर आकडे सपाट दिसतात. आणि ती फाइल त्याच पूलवर ठेवू नका. पूल अडकला की लिहिणारी स्क्रिप्टही अडकते आणि नेमकी हवी ती मिनिटं रिकामी राहतात. मी ती पेन ड्राइव्हवर ठेवली. पुढं आलेख काढला लिब्रे ऑफिसमध्ये.